उजव्या सीटवरचा शिक्षक

विमान चालवायला शिकणारी मुलं बहुतेक वेळा अडतात ती विमान उतरवताना. आकाशात झेप घेणं जमतं, वळणं जमतात, उंची राखणंही हळूहळू अंगवळणी पडतं; पण धावपट्टी जवळ आली की सगळं विस्कटतं. कधी विमान जमिनीपासून दहा फुटांवरच तरंगत राहतं आणि मग धपकन आदळतं. कधी नाक उचलायला उशीर होतो आणि पुढचं चाक आधी टेकू पाहतं. दोन आठवडे हेच चाललं, बरोबरीची मुलं एकट्यानं उडू लागली, की विद्यार्थी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो: हे आपल्या हातून होणार नाही.

शिकाऊ विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो आणि प्रशिक्षक उजवीकडे. त्या उजव्या सीटवरच्या माणसाची खरी कसोटी इथून पुढे लागते. चांगला डॉक्टर तापालाच आजार समजत नाही, ताप कशामुळे आला ते शोधतो. चांगला प्रशिक्षकही तसाच. ‘लँडिंग जमत नाही’ हे त्याच्या दृष्टीनं नुसतं लक्षण असतं. कारण डोळ्यांत असेल, हातात असेल, मनात असेल, घरच्या कर्जात असेल, नाहीतर खुद्द प्रशिक्षकाच्या शिकवण्यात असेल. ते सापडल्याशिवाय केलेला जास्तीचा सराव म्हणजे चुकीचा सराव, आणि चूक घोटून घोटून पक्की होते.

चार सेकंदांचा धडा

लँडिंगचंच उदाहरण जवळून पाहू. सेस्ना १७२ हे जगभरातल्या फ्लाइंग क्लबांमधलं नेहमीचं चार आसनी विमान. ते उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असतो. धावपट्टीपासून दहा-वीस फुटांवर आल्यावर नाक हलकेच उचलत न्यायचं, उतरण्याचा वेग मोडायचा आणि मागची दोन चाकं आधी टेकवायची. याला फ्लेअर म्हणतात. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा.

उड्डाण, धावपट्टीला वळसा आणि पुन्हा लँडिंग अशा एका सर्किटला सहा-सात मिनिटं लागतात. तासाभरात आठ-नऊ लँडिंग होतात. म्हणजे पूर्ण तासाचे पैसे मोजून विद्यार्थ्याला फ्लेअरचा प्रत्यक्ष सराव मिळतो जेमतेम चाळीस सेकंद, तोही तुकड्यातुकड्यांत. मुलगा मंद आहे असं ठरवण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

अनुभवी प्रशिक्षक यावर एक साधा उपाय करतात. धावपट्टी लांब असेल आणि वाऱ्याचा त्रास नसेल, तर ते थोडी पॉवर ठेवून विमान टेकू न देता धावपट्टीवरून अगदी खालून, सरळ नेतात. या वेगानं एक किलोमीटर कापायला तीस सेकंद लागतात. एरवी तासाभरात जे दृश्य तुकड्यांत दिसतं, ते इथे एका दमात अर्धा मिनिट डोळ्यांसमोर राहतं. टेकवायचंच नसल्यामुळे धाकही नसतो. जमीन पाच फुटांवर असते तेव्हा ती कशी दिसते, हे मुलाला पहिल्यांदा निवांत पाहायला मिळतं.

अडचण पुष्कळदा नजरेतच असते. घाबरलेला विद्यार्थी नाकासमोरच्या जमिनीकडे पाहतो. इतक्या जवळची जमीन वेगामुळे धूसर होते, ती अंगावर येते असं वाटतं आणि तो झटक्यात नाक वर ओढतो. विमान उंचावरच वेग गमावतं आणि आपटतं. उलट, नुसतंच दूर पाहत जमिनीचं भान सोडणाऱ्याला उंचीचा अंदाज येत नाही आणि त्याचा हात उशिरा हलतो. ‘नीट बघ’ असं दहा वेळा ओरडून यातलं काहीच सुटत नाही. फ्लेअर सुरू होताच नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची आणि जमिनीचा अंदाज डोळ्यांच्या कडांनी घ्यायचा, एवढं नेमकं सांगावं लागतं.

कधी कारण याहून साधं निघतं. बुटका विद्यार्थी एके दिवशी पाठीमागे आणि खाली उशी घेऊन बसतो, दुसऱ्या दिवशी उशी सापडत नाही म्हणून तसाच बसतो. डोळ्यांची पातळी दोन-तीन इंचांनी बदलली तरी समोरचं सगळं चित्र बदलतं. काल जे ‘बरोबर’ दिसत होतं ते आज दिसतच नाही. काही मुलं दर वेळी तिरकी उतरतात, कारण ती स्वतः डाव्या बाजूला बसलेली असूनही विमानाच्या नाकाचा मध्य धावपट्टीवर ठेवू पाहतात. त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर काचेवर एक खूण केली, की वाकडेपणा त्याच दिवशी जातो.

आणि कधी कधी बिघाड धावपट्टीवर नसतोच, तो दोन मिनिटं आधी झालेला असतो. शेवटचं वळण उशिरा घेतलं, वेग दहा नॉट जास्त राहिला, ट्रिम नीट लावला नाही म्हणून हात सतत दाब देत राहिला. असं विमान फ्लेअरमध्ये तरंगणारच. शेवटच्या चार सेकंदांवर कितीही बोललं तरी ते सुधारत नाही. म्हणून जाणता प्रशिक्षक चूक दिसली तिथे थांबत नाही, ती जिथून निघाली तिथपर्यंत मागे जातो.

हात, पाय आणि तक्ता

वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस जमिनीवर विमान वळवताना हातातलं कंट्रोल फिरवतो. जमिनीवर विमान वळतं ते पायांतल्या रडर पेडलनं. समजावून हा दोष जात नाही, कारण तो समजुतीचा नसून सवयीचा आहे. प्रशिक्षक मग ‘दोन्ही हात मांडीवर ठेव’ म्हणतो आणि टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवर चालवायला लावतो. हात मोकळे नाहीत म्हटल्यावर पाय आपोआप कामाला लागतात.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे घट्ट पकड. बोटं पांढरी पडेपर्यंत कंट्रोल आवळून धरलं, की विमान काय सांगतंय ते हाताला कळत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे एक पेन्सिल मधल्या बोटावरून आणि शेजारच्या दोन बोटांखालून घालायची आणि मग कंट्रोल धरायचं. पकड आवळली की पेन्सिल बोटांना टोचते. प्रशिक्षकाला शब्द खर्चावा लागत नाही.

संगणकावर सिम्युलेटर खेळून आलेली मुलं तक्त्यावरच्या घड्याळांना चिकटून बसतात. काटा हलला की ती त्याच्यामागे धावतात आणि विमान वरखाली डुलत राहतं. तेव्हा घड्याळं चक्क झाकून टाकतात. क्षितिजाच्या तुलनेत नाक कुठे आहे आणि इंजिनाचा आवाज कसा आहे, एवढ्यावर उडवायला सांगतात. बरीच मुलं त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर बघतात.

थबकलेली रेघ

पण असंही होतं की निदानात काहीच सापडत नाही. नजर ठीक, हात ठीक, अभ्यास ठीक, तरी प्रगती थांबलेली. शिकण्याच्या शास्त्रात याची नोंद विमानांच्याही आधीची आहे. अमेरिकेत विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग सुरुवातीला वाढत जातो, मग रोजचा सराव चालू असूनही कित्येक आठवडे जागचा हलत नाही आणि नंतर पुन्हा चढू लागतो, असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं होतं की त्या थबकलेल्या काळात सुटी अक्षरं ऐकण्याची सवय पक्की होत असते. ती झाली की कान एकदम अख्खे शब्द ऐकू लागतो.

कॉकपिटमध्ये हेच घडतं. वेग, उंची, दिशा, रेडिओवरचं बोलणं, आजूबाजूची विमानं या सुरुवातीला पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. त्यांची एक जुळणी होईपर्यंत प्रगतीची रेघ पठारासारखी आडवी राहते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रशिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत या पठाराचा स्पष्ट उल्लेख आहे. विद्यार्थ्याला हे आधीच सांगून ठेवावं, असा त्यातला सल्ला आहे. पठार येणार हे ठाऊक असलेला मुलगा ते ओलांडतो. ठाऊक नसलेला त्यालाच आपली कुवत समजतो.

या काळात प्रशिक्षक तोच धडा रेटत नाहीत. दोन दिवस लँडिंग बाजूला ठेवतात, दुसऱ्या एखाद्या विमानतळापर्यंत फेरी मारून आणतात किंवा मुलाला जे उत्तम जमतं ते करायला लावतात. उड्डाण शक्यतो जमलेल्या गोष्टीवर संपवतात. अपयशाची चव तोंडात ठेवून घरी गेलेला मुलगा पुढच्या खेपेला तीच घेऊन परत येतो.

गॉसपोर्टचा धडा

भीतीबद्दल बोलायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांचं शिक्षण फार वाईट होतं. प्रशिक्षक पुष्कळदा आघाडीवरून थकून आलेले असत आणि विद्यार्थ्याच्या हाती कंट्रोल सोपवायलाच कचरत. विमान गिरकी खाऊ लागलं तर काय करायचं, हे शिकवण्याऐवजी गिरकी येईल असं काही करूच नका, असा सल्ला मिळे. न शिकवलेली गोष्ट एकट्यानं उडताना समोर आली की मुलं मरत.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं १९१७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉसपोर्ट इथे ही पद्धत उलटी केली. अॅव्हरो ५०४ या दुहेरी कंट्रोलच्या विमानात त्यानं विद्यार्थ्याला मुख्य चालकाच्या जागी बसवलं. दोघांच्या शिरस्त्राणांना जोडणारी बोलण्याची नळी वापरात आणली, म्हणजे इंजिनाच्या आवाजातही हवेतल्या हवेत सांगता येऊ लागलं. आणि धोकादायक म्हणून टाळलेल्या गोष्टी, गिरकीसुद्धा, मुद्दाम करून दाखवून त्यातून बाहेर पडायला शिकवलं. विद्यार्थ्याला घाबरवणारी गोष्ट त्याच्यापासून लपवू नये, ती समजावून त्याच्या हाती द्यावी, हे तत्त्व पुढे जगभरच्या उड्डाणशिक्षणात रुजलं.

आजही भीती बहुधा स्टॉलची असते. पंखांचा हवेशी होणारा कोन मर्यादेबाहेर गेला की पंख उचल देईनासे होतात आणि नाक खाली जातं. अशा वेळी कंट्रोल पुढे ढकलून कोन कमी करायचा असतो; पण पडतोय असं वाटणारं शरीर ते मागे ओढू पाहतं. घाबरणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण स्टॉल दाखवला तर तो पुढचं काहीच शिकत नाही. म्हणून पायऱ्या पाडतात. आधी फक्त हळू उडायचं. मग धोक्याचा भोंगा वाजेपर्यंत जायचं आणि लगेच परतायचं. मग पंख थरथरेपर्यंत. प्रत्येक पायरीवर मुलगा स्वतःच्या हातानं विमान सावरतो. भीती उपदेशानं जात नाही. ‘हे मी सावरलं’ हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की ती ओसरते.

भीती ओळखायलाही डोळा लागतो. मघाशी सांगितलेली अमेरिकी पुस्तिका सांगते की ताणाखालचा विद्यार्थी नेहमी थरथरतोच असं नाही. तो अवाजवी आज्ञाधारक होतो, भलत्या वेळी हसतो किंवा गाणं गुणगुणू लागतो. आपल्याकडे यात आणखी भर पडते ती ‘येस सर’ची. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्या वर्गांत एकच उत्तर असतं. म्हणून शहाणे प्रशिक्षक तो प्रश्न विचारतच नाहीत. ते म्हणतात, ‘आता मी उडवतो, काय करायचं ते तू सांग.’ विद्यार्थी सांगतो आणि प्रशिक्षक तेवढंच करतो. समजुतीत भोक कुठे आहे, ते दोन मिनिटांत उघडं पडतं. त्यानंतर विद्यार्थी स्वतः बोलत बोलत करतो, आणि शेवटी नुसता करतो.

प्रशिक्षकानं स्वतःकडे पाहणं

अडलेल्या विद्यार्थ्यामागे पुष्कळदा फार बोलणारा प्रशिक्षक असतो. ‘नाक, नाक! पॉवर! उजवा पाय!’ अशी सरबत्ती फ्लेअरमध्ये चालू राहिली तर मुलाचे कान बंद होतात. एखादं सर्किट प्रशिक्षकानं पूर्ण गप्प बसून काढलं, तर कित्येकदा त्या मुलाचं सर्वांत चांगलं लँडिंग त्याच खेपेला होतं.

त्याहून अवघड असतं ते हात आवरणं. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान ताब्यात घेण्याचा अधिकार प्रशिक्षकाला आहे आणि त्यावर दोघांचा जीव अवलंबून आहे. पण ताबा प्रत्येक वेळी लवकर घेतला तर मुलगा आपली चूक शेवटपर्यंत कधी पाहत नाही आणि ती सुधारायलाही शिकत नाही. उशिरा घेतला तर अपघात. चूक कुठपर्यंत होऊ द्यायची, ती रेषा विद्यार्थ्यागणिक आणि दिवसागणिक वेगळी असते. या व्यवसायातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच.

आणि दोघांचं जुळतच नसेल, तर विद्यार्थी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे सोपवणं हा कमीपणा नाही. नवा माणूस तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो आणि अडलेलं चाक पुढे सरकतं. चांगल्या संस्थांत ठरावीक टप्प्यांवर मुख्य प्रशिक्षक स्वतः मुलाबरोबर उडून पाहतो, तो यासाठीच.

भारतात या अडण्याला परिस्थितीचीही जोड असते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी इथे २०० तासांचं उड्डाण लागतं. गोंदिया, बारामती, धुळे इथे शिकणाऱ्या मुलांचे पावसाळ्यात, ढग खाली उतरले की, दिवसच्या दिवस कोरडे जातात. कधी विमान दुरुस्तीला असतं, कधी प्रशिक्षक मोकळा नसतो. नवं कौशल्य अशा खंडानं झपाट्यानं पुसलं जातं आणि पुढचा तास मागचं आठवण्यात जातो. घरानं कर्ज काढलेलं असेल तर मुलाला प्रत्येक चुकलेल्या लँडिंगमध्ये रुपये दिसतात. अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हणण्यापेक्षा त्याची उड्डाणं जवळजवळच्या दिवसांवर लावून देणं आणि मधल्या दिवसांत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, तोंडानं बोलत पूर्ण सर्किट करायला लावणं जास्त उपयोगाचं. या खुर्चीवरच्या उड्डाणाला पैसा लागत नाही आणि हात-डोळ्यांचा क्रम शाबूत राहतो.

थांबवण्याचं धैर्य

आता सर्वांत कठीण भाग. सगळं करूनही काही विद्यार्थ्यांना जमत नाही. तेव्हा दया म्हणून पुढे ढकलणं ही दया नसते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान पडलं आणि ५० माणसं गेली. वेग घटल्याचा इशारा म्हणून कंट्रोल थरथरू लागलं, तेव्हा कॅप्टननं ते पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढलं. त्याआधीच्या कारकिर्दीत तो अनेक उड्डाण-परीक्षांत नापास झालेला होता, आणि अशा वैमानिकांवर लक्ष ठेवून त्यांना पुरवणी प्रशिक्षण देण्याची पुरेशी व्यवस्था कंपनीकडे नव्हती, हे चौकशीत पुढे आलं. दहा वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१९ रोजी, अॅटलास एअरचं मालवाहू बोइंग ७६७ ह्यूस्टनकडे येताना टेक्सासमध्ये कोसळलं आणि त्यातले तिघेही गेले. सहवैमानिकानं गोंधळून नाक खाली दाबलं होतं. अनपेक्षित प्रसंगी हातपाय गाळण्याची त्याची खोड आधीच्या प्रशिक्षणांत दिसलेली होती. पण तो एका कंपनीतून दुसरीकडे जात राहिला आणि नापास झाल्याच्या नोंदी पुढच्या कंपनीपर्यंत पोचल्या नाहीत. चौकशी मंडळानं वैमानिक निवडण्याच्या आणि जोखण्याच्या व्यवस्थेतल्या उणिवांवर बोट ठेवलं.

या दोन्ही गोष्टी एकच सांगतात. परीक्षेत एकदा अडणं हा गुन्हा नाही. उत्तम वैमानिकही एखाद्या परीक्षेत अडलेले असतात. धोका असतो तो अडण्याचं कारण न शोधता, कसंबसं पार करून पुढे पाठवण्यात. वरच्या पायरीवर तीच उणीव परत येते आणि तेव्हा मागे प्रवासी बसलेले असतात.

म्हणून प्रामाणिक प्रशिक्षक लेखी नोंदी ठेवतो, अमुक तासांत अमुक गोष्टी जमल्या पाहिजेत असं विद्यार्थ्याशी आधीच ठरवतो, दुसऱ्या प्रशिक्षकाचं मत घेतो, आणि तरीही जमलं नाही तर समोर बसवून स्पष्ट सांगतो. हवाई वाहतूक नियंत्रण, विमान देखभाल, उड्डाण नियोजन ही विमानांच्याच जगातली मानाची कामं आहेत, हेही सांगतो. दोनशे तासांचे पैसे संपल्यावर सांगण्यापेक्षा चाळीसाव्या तासाला सांगणं कटू असलं तरी न्याय्य आहे.

अडलेल्या विद्यार्थ्याचा दोन गोष्टींवर हक्क आहे: नेमकं निदान आणि खरं उत्तर. पहिलं न देता दुसरं देणं क्रूरपणाचं आहे, आणि दुसरं टाळून फी घेत राहणं ही फसवणूक आहे. मुलाला किंवा मुलीला फ्लाइंग स्कूलमध्ये घालणाऱ्या पालकांनी विमानं किती आणि सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, किती तासांत, हे जरूर विचारावं. पण त्याबरोबर हेही विचारावं: मूल अडलं तर तुम्ही काय करता? त्याचे दोष कुठे लिहून ठेवता? प्रशिक्षक बदलून देता का? आणि त्याला जमणार नाही असं दिसलं, तर ते आम्हाला कितव्या तासाला सांगाल? या प्रश्नांना जिथे न अडखळता उत्तरं मिळतील, तिथेच आपलं मूल त्या डाव्या सीटवर बसवावं.